नुसत्या पडद्याआड

माझा दादा वारला हे मला दुकानात, एका पँटची उंची कमी करता करता कळलं. त्या वेळी दादा माझ्यासमोरच्या स्टुलावर बसून चहात बिस्कीट बुडवत होता.

नीट सांगते. माझं दुकान कपडे शिवण्याचं नाही, दुरुस्तीचं आहे. कुणाची चेन अडकते, कुणाची कंबर वाढते, कुणाला मोठ्या बहिणीचा झगा स्वतःच्या मापाचा करून हवा असतो. माणसं जाड होतात, बारीक होतात आणि माझं चालतं. गिऱ्हाईक नसलं की मी तेच काम फोनवर करते. इंटरनेटवर तो मोठा ज्ञानकोश आहे ना, ज्यात कुणीही लिहू शकतं आणि कुणीही खोडू शकतं, त्यातली उसवलेली वाक्यं मी टाचत बसते. आख्खा लेख लिहायची माझी छाती नाही. शाळा लवकर सुटली, पुढचं सगळं वाचून वाचून आणि ठेचा खाऊन आलं. पण कुठे अनुस्वार निसटलेला दिसला, किंवा एखादं वाक्य निघालं आणि कर्ता घरीच विसरून आलं, की माझे हात शिवशिवतात. तिथे माझं नाव 'सुईदोरा'.

त्या दिवशी पेपरात बातमी होती की 'आदळआपट' पुन्हा एकत्र येणार. 'आदळआपट' म्हणजे आमच्या तरुणपणी गाजलेला रॉक बँड. गाजलेला म्हणजे रेडिओवर दोन-चार गाणी लागायची आणि ती ऐकून कॉलेजातली मुलं केस वाढवायची, इतपत. दोन जुळे भाऊ गिटारवर, घोगऱ्या गायला आणि ड्रमवर माझा दादा. सराव आमच्या घराखालच्या गॅरेजमध्ये चालायचा. आई वरून ओरडायची, काय ही आदळआपट लावलीय. बँडला नाव मिळालं ते तिथून, आणि आईला शेवटपर्यंत वाटत राहिलं की पोरांनी आपली टिंगल केली.

बँड फुटला तो दादा आणि घोगऱ्याच्या भांडणापायी. 'उशीर' नावाचं त्यांचं एक गाणं होतं. त्याच्या शेवटी चौघांनी एकदम थांबायचं, दार लावून घेतल्यासारखं. ते कधीच एकदम थांबले नाहीत. घोगऱ्या म्हणायचा दादा पळतो, दादा म्हणायचा घोगऱ्या रेंगाळतो. लोक जमिनीवरून भांडतात, प्रेमावरून भांडतात. हे दोघं एका टाळीएवढ्या फटीवरून भांडले आणि पुन्हा एकमेकांचं तोंड म्हणून पाहिलं नाही. घोगऱ्या दूरच्या शहरात निघून गेला. दादानं ड्रम विकले आणि नाट्यगृहात नोकरी धरली. दिवे लावायचे, पडदा ओढायचा, पुढच्या रांगेत कोण घोरतंय ते वरून बघायचं.

तर मोठ्या हौसेनं मी ज्ञानकोशातला बँडचा लेख उघडला. म्हटलं, आता लोक वाचायला येतील, जरा झाडलोट करून ठेवू. दुसऱ्याच परिच्छेदात लिहिलेलं होतं की बँड फुटल्यानंतर लवकरच त्याच्या ड्रमवादकाचे निधन झाले.

मी पुन्हा वाचलं. मग दादाकडे पाहिलं. त्यानं दुसरं बिस्कीट उचललं.

"दादा, तू गेलास," मी म्हटलं.

"कुठे?"

"वर."

त्यानं चष्मा लावला, फोन हातात घेतला आणि विजेचं बिल वाचावं तसं ते वाचलं. लवकरच म्हणजे नक्की कधी, एवढंच विचारलं. मग त्याच्या बोटाचा धक्का लागून खालची एक मुलाखत उघडली. घोगऱ्याची, अगदी ताजी. तीत घोगऱ्या म्हणाला होता की असा ठेका धरणारा माणूस त्याला पुन्हा भेटला नाही. तो मागे बसलेला असला की वाटायचं पाठीशी भिंत आहे, कितीही टेकून गा. त्याच्या जागी दुसरं कुणी बसवणं आपल्याच्यानं होणार नाही. म्हणून या कार्यक्रमात ड्रम यंत्रावर वाजतील.

भिंतीपर्यंत आल्यावर दादा थांबला. चष्मा पुसला. पुन्हा वरून सुरुवात केली. भिंतीचं वाक्य त्यानं किती वेळा वाचलं ते मी मोजलं नाही, पण चहावर साय धरली. मग तो यंत्रापर्यंत पोचला आणि त्याचं तोंड उतरलं.

त्याला काय हवं होतं ते आंधळ्यालाही दिसलं असतं. एकत्र येण्याची कुणकुण लागल्यापासून त्याच्या घरच्या उशा एकेक करून माझ्या दुकानात टाचायला येत होत्या. वहिनी म्हणायची, हा माणूस सोफ्यावर उशा मांडतो आणि लाटण्यांनी बडवतो, घरभर कापूस उडतो. कुणाला सांगायचं नाही अशी ताकीद होती, म्हणून तिनं ते फक्त मला आणि शेजारच्या तिघींना सांगितलं होतं.

मी म्हटलं, मग फोन लाव की त्याला, सांग मी आहे. दादानं फोन माझ्या हातात परत दिला.

"आज मी भिंत आहे, बारके," तो म्हणाला. "उद्या जिवंत निघालो की परत पळणारा होईन. मेलोय तो बरा आहे."

इतकी वर्षं ज्याच्याकडून एक शब्द ऐकायला माणूस तडफडला, तो शब्द मिळाला, आणि तो ठेवून घ्यायला मेलेलंच राहावं लागणार. वर दादानं मला शपथ घातली. घोगऱ्याला फोन नाही, पत्र नाही, जुळ्यांकडे निरोप नाही. मी शपथ घेतली. ज्ञानकोशाबद्दल तो काही बोलला नाही, कारण त्याच्या समजुतीप्रमाणे असली पुस्तकं कुठेतरी प्राध्यापक मंडळी बसून लिहितात. कंबर सैल करून देणाऱ्या बहिणीचा तिथे हात पोचतो हे त्याच्या गावीही नव्हतं. मीही त्याचा गैरसमज दूर केला नाही. आणि खरं सांगू, माझ्या जिवंत भावाला कुणी छापील मेलेलं म्हटलेलं मला बघवत नव्हतं.

दादा गेल्यावर, म्हणजे नाट्यगृहात गेल्यावर, मी ते वाक्य काढून टाकलं. पँटची दुसरी बाजू दुमडेपर्यंत ते परत आलं होतं. शेजारी टीप होती, संदर्भाशिवाय केलेला बदल उलटवला आहे. खाली नाव, 'काटेकोर'.

हा काटेकोर मला आधीपासून माहीत होता. ज्ञानकोशातल्या हजारो लेखांवर एखाद्या वॉचमनसारखा फिरत असतो. बाई की बुवा, तेही ठाऊक नाही. रागावत नाही, थकत नाही, आणि 'कृपया' लिहिल्याशिवाय कुणाला खोडत नाही. प्रत्येक लेखामागे एक चर्चेचं पान असतं, तिथे मी लिहिलं की हा ड्रमवादक माझा सख्खा मोठा भाऊ असून आत्ताच माझ्यासमोर चहा पिऊन गेला. काटेकोरचं उत्तर आलं, "चहा पिणे हा प्रकाशित संदर्भ नाही. तसेच आपण नातेवाईक असल्यास कृपया या लेखात थेट बदल करू नयेत."

त्याच्याकडे मात्र संदर्भ होता. बँड फुटला त्या सुमाराच्या पेपरातला मथळा. 'आदळआपटचा ड्रमवादक पडद्याआड.' खालची बातमी वर्गणीदारांशिवाय कुणाला उघडत नव्हती आणि ते वर्तमानपत्र तर कधीच बंद पडलेलं. तो मथळा बघून मला आधी हसू आलं आणि मग डोक्यात प्रकाश पडला. दादानं नाट्यगृहात नोकरी धरली त्याची ती बातमी होती. रंगमंचावर मिरवणारा माणूस आता पडद्याआडचं काम बघणार, अशी गंमत केलेली. वाचनालयात धावले, तर त्या वर्षाची फाईल बांधणीला गेलेली, ती परत कधी येईल ते बांधणाऱ्यालाच माहीत.

मग शब्दावरच लढायचं ठरवलं. मी लिहिलं, "काळाच्या पडद्याआड गेला तर माणूस मरतो. नुसत्या पडद्याआड गेला तर तो पडदा ओढायला गेलेला असतो."

काटेकोर म्हणाला, मुद्दा विचार करण्याजोगा आहे. परंतु मथळ्यात जागा कमी असते, तेव्हा 'काळाच्या' हा शब्द गाळला असण्याची शक्यता आहे.

खोटं कशाला बोलू, मला त्याचं म्हणणं पटण्यासारखं वाटलं, आणि म्हणूनच जास्त राग आला.

ही झुंज बघायला बघता बघता गर्दी जमली. कुणी लिहिलं की मरायचं नसेल तर 'पडद्यामागे' म्हणतात, 'पडद्याआड' म्हटलं की संपलं. दुसरा म्हणाला, मग दाराआड उभी राहिलेली माणसं काय सगळी मेलेली असतात का. एकानं 'दृष्टीआड सृष्टी' काढलं, त्यावरून फाटा फुटला तो शाळेतल्या व्याकरणापर्यंत गेला. एकाला या सगळ्यात बँडचं नाव जोडून लिहावं की तोडून, एवढीच काळजी होती. काटेकोर प्रत्येकाला 'कृपया' म्हणून जागेवर बसवत होता.

वहिनी हे सगळं मालिका बघावी तसं वाचायची. ती रक्त तपासायच्या लॅबमध्ये आहे, दुपारी जेवणाच्या सुट्टीत तिचा मला फोन यायचा, आज काटेकोर काय म्हणाला. मला चिडवायचं असलं की ती मला वन्सं म्हणते.

"वन्सं, मी ह्यांचा रिपोर्ट टाकू का तिथे?" ती म्हणाली. "मेलेल्या माणसाची साखर दर महिन्याला वाढत नाही."

मी तेही विचारून पाहिलं. वैद्यकीय अहवाल चालत नाहीत, आणि कृपया रुग्णाच्या खासगीपणाचा विचार करावा, असं उत्तर आलं. वहिनीला ते इतकं आवडलं की तिनं ते लॅबमध्ये सगळ्यांना वाचून दाखवलं.

आणि मग एक दिवस त्या पानावर एक ओळ उगवली. खाली नाव नाही, गाव नाही.

"तो जिवंत असेल तर त्याला एवढंच विचारा, 'उशीर'च्या शेवटी कोण पळायचं?"

माझ्या हातातली सुई तशीच राहिली. असा प्रश्न जगात एकच माणूस विचारू शकत होता. स्वतःच्या बँडचा लेख रोज उघडून बघण्याइतकी हौस त्याला पहिल्यापासून होती.

माझी शपथ काय होती, की घोगऱ्याला कळवायचं नाही. घोगऱ्यानं विचारलेलं दादाला कळवायचं नाही, असं काही ठरलं नव्हतं. मी दुकानाला कुलूप लावलं आणि तडक नाट्यगृहात गेले. दादा शिडीवर चढून दिव्याची काच पुसत होता. मी खालून वाचून दाखवलं. आधी तर हे ज्ञानकोशाचं काय प्रकरण आहे हेच त्याला कळेना, मग कळलं तेव्हा माझ्यावर चिडायला त्यानं तोंड उघडलं, पण तेवढ्यात तो प्रश्न त्याच्या डोक्यात शिरला.

तो शिडीवरून उतरला. मी इतक्या वर्षांत त्याला असा धडाधड उतरताना पाहिलं नव्हतं.

"पळायचं? मी? अगं, तो शेवटची ओळ लांबवायचा. श्वास पुरायचा नाही म्हणून मध्येच थांबायचा, आणि वर डोळे मिटून घ्यायचा, लोकांना वाटावं भावनेनं थांबलाय. मी ठरल्या जागी पोचायचो. पोचलो तर हा मागे कुठेतरी आपला कोट शोधतोय. लिही."

"दादा, तू मेलायस."

"मेलो तरी हे ऐकून घेणार नाही. लिही म्हणतो ना."

तो सांगत गेला, मी टाइप करत गेले. कोट, श्वास, मिटलेले डोळे, सगळं. मध्ये गिटारवाल्या जुळ्यांचाही उद्धार झाला, तो मी गाळला. बोलताना त्याचा हात शिडीच्या पायरीवर आपटत होता, आणि ऐकायला लागल्यावर माझ्या लक्षात आलं की तो नुसता आपटत नाहीये, गाण्याचा तो शेवट वाजवतोय.

लिहून झालं, पाठवलं. आम्ही दोघं रिकाम्या रांगेत पहिल्या खुर्च्यांवर बसलो. तेव्हा कुठे दादाला आपण काय केलं ते उमगलं. तो हळूहळू खुर्चीत खाली सरकत गेला. झालं, म्हणाला, भिंत पडली. मी त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला. आमच्यात असं करायची पद्धत नाही, त्यामुळे दोघांनाही जरा अवघडल्यासारखं झालं, पण मी हात काढला नाही.

उत्तर यायला वेळ लागला. आलं ते असं.

"हाच तो. इतकं चुकीचं इतक्या खात्रीनं बोलणारा दुसरा माणूस जन्माला आलेला नाही. फोन नंबर द्या."

त्याच्या लगेच खाली काटेकोर, "कृपया नोंद घ्यावी की हे पान लेखाच्या सुधारणेसाठी आहे. वैयक्तिक गाठीभेटी इतरत्र घ्याव्यात." आणि त्याखाली, बहुधा थोडा विचार करून, आणखी एक ओळ. "तरीही आनंद झाला."

मी दुकानाचा नंबर दिला. तो तसाही पाटीवर लिहिलेला आहे, आख्ख्या गल्लीला पाठ. दादा माझ्याआधी दुकानात पोचला, आणि कुलपाची किल्ली माझ्याकडे म्हणून दारात येरझाऱ्या घालत राहिला. आत शिरलो तर फोन वाजतच होता.

दादानं उचलला आणि हॅलोसुद्धा म्हणाला नाही. मला नुसते दोन म्हाताऱ्यांचे श्वास ऐकू येत होते, एक फोनमधून, एक शेजारून. मग पलीकडचा घोगरा आवाज काहीतरी पुटपुटला आणि दादानं विचारलं, इकडचं तिकडचं काही न बोलता, सरळ तेच.

"मुलाखतीत बोललास ते मी मेलो म्हणून ना?"

घोगऱ्याचा आवाज फोनबाहेर पोचतो, त्याला लाऊडस्पीकर लागत नाही. तो म्हणाला, "जिवंतपणीच सांगणार होतो. तू थांबलास कुठे? पळालास."

दादा हसायला लागला. आधी नाकातून, मग खांद्यांनी, मग त्याला टेबल धरावं लागलं. डोळ्यांतून पाणी आलं ते त्यानं माझ्याकडच्या एका गिऱ्हाइकाच्या शर्टाच्या बाहीला पुसलं. शर्ट धुवायचाच होता. पुढे ते दोघं काय बोलले ते सांगत नाही, कारण बरंचसं सांगण्यासारखं नव्हतं. एकमेकांच्या केसांची आणि पोटाची चौकशी झाली. आई गेल्याचं घोगऱ्याला माहीत नव्हतं, ते दादानं सांगितलं. यंत्राचं काय, असं दादानं विचारलं. घोगऱ्या म्हणाला की यंत्र फार गुणी आहे, कधी पळत नाही, भांडत नाही, आणि त्याच्याबरोबर गाताना आपल्याला एकदाही मजा आलेली नाही. ये लवकर. त्यावर दादा म्हणाला, बघतो, सुट्टी मिळते का. हे म्हणताना तो आधीच सुट्टीचा अर्ज कशावर लिहावा म्हणून माझं बिलबुक उघडत होता.

बातमी पसरायला चर्चेच्या पानावरची मंडळी पुरेशी होती. एका पेपरातली मुलगी दुकानात आली, दादाच्या हातात त्या दिवशीचा अंक देऊन तिनं फोटो काढला. ओलीस ठेवलेल्या माणसाचे काढतात तसा, पुरावा म्हणून. तिनं मथळा दिला, 'आदळआपटचा ड्रमवादक पडद्याबाहेर.' तो छापून आला आणि काटेकोरनं स्वतःच्या हातानं लेखातलं निधन काढून टाकलं. टिपेत लिहिलं की 'काळाच्या' या शब्दाबाबतचा आपला अंदाज चुकला, ड्रमवादकास दीर्घायुष्य लाभो. मी त्याला आभाराचा निरोप पाठवला. उत्तरात त्यानं माझ्या निरोपातली ऱ्हस्व-दीर्घाची एक चूक दाखवली. कृपया.

कार्यक्रम एका खेळाच्या मैदानाशेजारच्या बंदिस्त सभागृहात होता. आपल्यासारखेच लोक आले होते. गुडघे धरून पायऱ्या चढणारे, पोरांना ओढून आणलेले, कधीच्या काळच्या काळ्या शर्टांत स्वतःला कोंबलेले. त्यातले दोन शर्ट मीच सैल करून दिले होते. वहिनी लॅबमधून थेट आलेली, पर्स मांडीवर घट्ट धरून माझ्या शेजारी बसली होती आणि सारखी विचारत होती, आवाज फार मोठा असतो का गं. तेव्हा मला पहिल्यांदा सुचलं की तिनं दादाला कधी वाजवताना ऐकलंच नाही. ती या घरात आली तोवर ड्रम गेलेले होते. तिच्या वाट्याला आला तो जेवताना ताटाच्या कडेवर टकटक करणारा, झोपेत पाय हलवणारा एक दिवेवाला, आणि ती आयुष्यभर त्याला म्हणत आली, अहो, पुरे की आता.

दिवे गेले. दादानं दोन काठ्या डोक्यावर धरून एकमेकींवर आपटल्या, एक, दोन, तीन, चार, आणि जो आवाज आला तो कानांनी ऐकायचा नव्हताच, तो खुर्चीतून वर आला, फासळ्यांत शिरला. पुढे घोगऱ्या पाय फाकवून उभा होता, गळा पूर्वीपेक्षा जास्त घोगरा, पोट पूर्वीपेक्षा बरंच पुढे. आणि गाता गाता तो एक पाऊल मागे यायचा, पुन्हा एक पाऊल, अगदी ड्रमला पाठ टेकेल इतका.

मी वहिनीकडे पाहिलं. पर्स मांडीवरून घसरून खाली पडली होती. ती दोन्ही हात गालांवर ठेवून दादाकडे बघत होती, घरात इतकी वर्षं असलेल्या बंद खोलीचं दार उघडावं आणि आत समुद्र निघावा तशी. तिच्या ओठांची काहीतरी हालचाल झाली. मला ऐकू येईना, मी कान तिच्या तोंडाशी नेला.

"हे असं होतं होय," ती म्हणत होती. "आणि मी ह्यांना गप्प बसा म्हणायचे."

मग ती उठून उभी राहिली. मागच्या बाईनं बसा म्हणून सांगितलं. वहिनी बसली नाही. तिनं चपला काढल्या, खुर्चीवर चढली, आणि एक हात माझ्या डोक्यावर टेकवून तोल सांभाळत, रक्ताच्या बाटल्या हाताळणारी माझी शांत वहिनी, दादाच्या प्रत्येक ठोक्याला माझ्या टाळूवर थापा मारत नाचायला लागली.